जुन्या सायकलीची साक्ष

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला. विषय होता जुन्या मोटारींचा बाजार. गाडीची खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांकडे संशयाने पाहतो आणि मध्यम मालाला साजेल एवढाच भाव देऊ करतो. त्या भावाला चांगली गाडी द्यायला मालक राजी नसतो. तो बाजारातून निघून जातो आणि मागे उरतो तो गळाठा. या विचाराने अर्थशास्त्राला पुढे बरेच काही दिले, आणि २००१ मध्ये अकरलॉफना इतर दोघांसोबत नोबेलही मिळाले.

हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या मनात मोटार आलीच नाही, आली ती सायकल. जुन्या सायकलीच्या बाजारालाही हा नियम लागू पडतो का? इतकी वर्षे पाहून माझे मत असे झाले आहे की फारसा पडत नाही. मोटारीचे इंजिन झाकणाखाली असते. सायकलीचे जवळजवळ सगळे उघड्यावर असते. विकणारा काहीही सांगो, सायकल स्वतः साक्ष देत उभी असते. ती ऐकण्यासाठी अभियंता असावे लागत नाही. एक फूटपट्टी, दोन मीटर दोरा, एक पाना, एक बॅटरी आणि अर्धा तास पुरतो.

मी स्वतः वाणिज्य शाखेचा. यंत्रशास्त्राचे जे काही आले ते पुण्यातल्या सायकलदुरुस्तीच्या दुकानांच्या फळ्यांवर बसून, आणि बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात फिरून. तिथे गिऱ्हाईक काय पाहते आणि मिस्त्री काय पाहतो, यातला फरक मला आधी दिसला. गिऱ्हाईक रंग पाहते, टायर दाबते, घंटी वाजवते, सीटवर थाप मारते. मिस्त्री सायकल उलटी करतो आणि सांगाडा पाहतो. त्यामागे साधा हिशेब आहे. टायर, साखळी, पायडल, गुटके, सीट यांतले काहीही बदलता येते आणि बदलायला फार पैसे पडत नाहीत. सांगाडा बदलला तर ती सायकलच दुसरी झाली. म्हणून जे दुरुस्त होत नाही ते आधी पाहायचे, आणि जे होते त्याची किंमत मागाहून वजा करायची.

आपल्याकडच्या काळ्या, दांडीच्या सायकलीबद्दल इथे थोडे विषयांतर करतो. तिचा घाट मूळचा इंग्लंडचा. कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने १८८५ मध्ये 'रोव्हर' आणली. सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी, ही आजच्या सायकलीची मांडणी तिथून रूढ झाली. १८८८ मध्ये डनलॉपचा हवा भरलेला टायर आला. पुढे वरळीची हिंद, अंबत्तूरची टी. आय., आसनसोलची सेन-रॅले, सोनिपतची अ‍ॅटलस, लुधियानाची हिरो असे देशी कारखाने उभे राहिले, पण दांडीच्या सायकलीचा घाट त्यांनी फारसा बदलला नाही. अठ्ठावीस इंची चाके, पुढे ३२ आरे आणि मागे ४०. त्यामुळे एकीचे बरेचसे भाग दुसरीला बसतात. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला, तरी तिची चाळीस वर्षांची सायकल आजही कोपऱ्यावरचा मिस्त्री चालती करून देतो.

तेव्हा जुनी सायकल घेताना वयाला घाबरायचे कारण नाही. घाबरायचे असेल तर सहा-सात वर्षांपूर्वीच्या, स्वस्तातल्या, दोन्हीकडे शॉकअ‍ॅब्सॉर्बर लावलेल्या झगमगीत सायकलीला घाबरावे. तिचा एखादा भाग गेला की तोच पुन्हा मिळेल याची खात्री नसते, आणि ते शॉकअ‍ॅब्सॉर्बर वजनाखेरीज फारसे काही देत नाहीत. हे माझे मत आहे. ते न पटणारे तरुण माझ्या घरातही आहेत.

आता सांगाडा. समोरून धडक बसलेली सायकल दोन ठिकाणी बोलते. हँडल ज्या आखूड उभ्या नळीतून खाली उतरते, तिच्या लगेच मागे, वरच्या दांडीच्या आणि तिरक्या नळीच्या खालच्या अंगाने बोट फिरवावे. तिथे फुगवटा, सुरकुती किंवा रंगाला आडवी चीर लागली तर पुढे पाहण्याची गरज नाही. मग सायकल बाजूने पाहावी. पुढचा चिमटा त्या उभ्या नळीच्याच रेषेत उतरून शेवटी पुढे वळलेला असतो. तो मागे रेटल्यासारखा दिसला तर धडक बसली आहे.

सांगाडा पिळला आहे का, हे डोळ्यांना दिसत नाही. त्याला दोरा लागतो. मागचे चाक ज्या खाचांत बसते, त्यांतल्या एका खाचेला दोरा बांधून तो पुढच्या उभ्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणायचा. आता सीटखालच्या नळीच्या दोन्ही बाजूंना दोऱ्यापर्यंत किती अंतर आहे ते मोजायचे. दोन्ही अंतरे सारखी हवीत. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. बोटभर फरक असेल तर ती सायकल आयुष्यभर एका अंगाला ओढणार.

धातूही विचारावा. पोलाद वाकते, आणि वाकले की दिसते. अ‍ॅल्युमिनियम वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी थकते आणि चिरते. त्यामुळे त्याचे सांधे बॅटरी लावून पाहावेत. कार्बन फायबरच्या बाबतीत मात्र माझा वरचा सिद्धांत लंगडा पडतो. त्याची इजा आतल्या थरांत राहू शकते आणि वरून रंग शाबूत असतो. तिथे सायकल साक्ष देत नाही, आणि म्हणून अनोळखी माणसाकडून जुनी कार्बनची सायकल मी घेणार नाही.

कोकण-गोव्याकडच्या वाचकांसाठी आणखी एक. खाऱ्या हवेत पोलाद बाहेरून गंजते ते दिसते, पण आत शिरलेले पाणी सगळ्या नळ्यांतून उतरून क्रँकच्या एक्सलपाशी साचते आणि तिथे आतून खाते. पान्याने सीटचा बोल्ट सैल करून सीट दांड्यासकट वर काढावी आणि नळीत बॅटरी मारावी. दांडा हलतच नसेल, तर तो गंजून नळीशी एकजीव झाला आहे. मग सीटची उंची कधीच बदलता येणार नाही, हे धरून चालावे. उंचीवरून आठवले: बावीस इंची आणि चोवीस इंची सांगाड्यांत फरक असतो. दांडीवर दोन्ही पाय टाकून उभे राहिल्यावर टाचा जमिनीला टेकत नसतील, तर सायकल कितीही चांगली असो, ती तुमची नव्हे.

सांगाडा पास झाला की बाकीच्या भागांकडे वळावे, आणि इथे फूटपट्टीचे काम येते. साखळीच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते. म्हणजे नव्या साखळीत एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवले की बरोबर बारा इंचांवर चोविसावी पिन येते. साखळी वापराने ताणली जाते असे आपण म्हणतो; खरे तर तिच्या पिना आणि त्यांची भोके झिजतात आणि प्रत्येक सांध्याची थोडी थोडी ढिलाई एकत्र होऊन लांबी वाढते. सुतारांच्या मापात इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. पिन बारा इंचांच्या पुढे अर्धे सूत सरकली असेल तर साखळी बदलायची वेळ झाली. पुरते एक सूत सरकली असेल तर त्या साखळीने फ्रीव्हीलचे दातही खाल्ले आहेत, आणि नवी साखळी त्यांवरून उड्या मारील. मग दोन्ही बदलण्याचे पैसे धरावेत. पुढच्या चक्राचे दात एका बाजूला कलून आकड्यासारखे झाले असतील, तर तिसराही खर्च आला.

चाक उचलून फिरवावे आणि रिम व ब्रेकचा गुटका यांच्यातली फट पाहावी. चाकाला 'आऊट' असतोच. तो कसला आहे, हे महत्त्वाचे. रिम उजवीकडे जात असेल तर तिथले आरे चिमटीत धरून दाबून पाहावेत. डाव्या बाजूचे सैल असतील तर ते ताणले की रिम जागेवर येईल. मिस्त्रीचे पंधरा मिनिटांचे काम. पण डावे आधीच तटतटीत आणि उजवे ढिले, तरी रिम उजवीकडेच जात असेल, तर रिमच वाकली आहे. ही एक खूण मला फार उशिरा कोणी सांगितली, आणि ती मी येईल त्याला सांगत असतो. चाक, क्रँक आणि हँडल हाताने हलवून खुळखुळ पाहणे सगळ्यांनाच माहीत आहे. तिथला दोष बहुधा छर्रे आणि कोन यांचा असतो, आणि तो स्वस्तात निघतो. डाव्या पायडलचे आटे मात्र उलटे असतात. कोणीतरी ते जबरदस्तीने सुलटे फिरवून क्रँकचे आटे मारून ठेवलेले असतात. ते पायडल तिरके बसलेले दिसते.

हे सगळे सुटे सुटे पाहून भागत नाही. भागांची साक्ष एकमेकांशी जुळते का, हे पाहावे. "घरातच पडून होती, फारशी चालवलीच नाही," हे विकणाऱ्याचे आवडते वाक्य. मग पायडलचे रबर गुळगुळीत का झाले? सीट नवी आणि पायडल झिजलेले, याचा अर्थ सीट कालच बसवली. आणि खरोखरच पडून राहिलेली असेल तर टायरच्या कडांना बारीक चिरा असतील. रबर न वापरताही म्हातारे होते.

आमच्या इमारतीचे रखवालदार मुलीसाठी सायकल पाहत होते. तिचे ज्युनिअर कॉलेज सहा किलोमीटरवर आहे, आणि बसच्या वेळा तिच्या तासांशी जुळत नाहीत. सायकल मिळाली नाही तर तिने वर्षभर घरी बसावे, असे घरात बोलणे चालले होते. "काका, तुम्ही फक्त बघून द्या," म्हणून ते मला घेऊन गेले. पहिली सायकल लालचुटूक, नुकती रंगवलेली, २,८०० रुपये. साखळी सूतभर वाढलेली, मागचा टायर गेलेला, फ्रीव्हील संपलेले. हा खर्च मिस्त्रीने ११०० सांगितला. म्हणजे ती ३,९०० ला पडणार होती, आणि तशीच नवी कोरी ६,००० ला मिळत होती. माझा स्वतःचा ठोकताळा असा, की भाव आणि दुरुस्ती मिळून नवीच्या निम्म्याच्या वर जाऊ नये. मालक खाली येईना. मुलीचा चेहरा उतरला, कारण तिला तो लाल रंग आवडला होता. आठ दिवसांनी दुसरी मिळाली. रंगाचे पोपडे निघालेले, मडगार्ड चेपलेले, पण दोऱ्याची दोन्ही अंतरे सारखी आणि चाके सरळ. १,५०० ला घेतली, ४०० रुपये वर लागले. रंग तिने सुट्टीत स्वतः लावला.

ताज्या रंगाबद्दल माझ्या मनात किंतू असतो, तो दुसऱ्याही कारणाने. विटोरिओ डी सिकाचा १९४८ चा 'बायसिकल थीव्ज' अनेकांनी पाहिला असेल. पोटापाण्याचे काम मिळावे म्हणून अंतोनिओ रिचीची बायको घरातल्या चादरी गहाण टाकते आणि सायकल सोडवून आणते. ती चोरीला जाते. मग रोमच्या बाजारात तो शोध घेत फिरतो तेव्हा एक जण एका सांगाड्याला रंग देताना दिसतो. रिची हटून बसतो, पोलीस येतो, सांगाड्यावरचा नंबर वाचला जातो. नंबर जुळत नाही. पण शोधाची पद्धत बरोबर होती: रंग बदलतो, नंबर पोलादात ठोकलेला असतो.

आपल्या सायकलींवरही तो असतो, बहुधा क्रँकच्या एक्सलखाली किंवा सीटखालच्या नळीवर. तो कानशीने घासलेला असेल तर तिथेच थांबावे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे पूर्वी भारतीय दंड विधानाच्या ४११ व्या कलमाखाली गुन्हा होता. आता ते भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमात आहे. व्यवहार घरगुती असला तरी साध्या कागदावर दोघांची नावे, तारीख, रक्कम आणि हा नंबर लिहून सही घ्यावी. सरळ माणूस त्याला नाही म्हणत नाही. मागच्या चाकाला कुलूप असेल तर किल्ल्या मागाव्यात, आणि दोन्ही मागाव्यात. एकही किल्ली नाही आणि कुलूप मात्र नवे कोरे असेल, तर जुने कुलूप कुठे गेले ते विचारावे.