‘भूक लागली की खाईल’ : अन्न टाळण्याच्या विकाराविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

जेवायला अडून बसणारं मूल घरात असलं की सल्ल्यांना तोटा नसतो. ‘लाडावून ठेवलंय’, ‘जंत झाले असतील’, ‘दृष्ट काढा’, आणि सगळ्यात ठाम म्हणजे ‘एक दिवस उपाशी ठेवा, मुकाट्याने खाईल’. बहुतेक मुलांचा हा काळ सरतो आणि सल्ला देणाऱ्याला आपलंच खरं झाल्यासारखं वाटतं. पण काही मुलं सात-आठ वर्षांची झाली तरी चार-पाच पदार्थांपलीकडे जात नाहीत. ताटात नवी भाजी दिसली तरी त्यांना उमासे येतात. काही मोठी माणसंही अशीच असतात. लग्नाच्या पंगतीला बसणं ती टाळतात, प्रवासाला निघताना ठरावीक बिस्किटांचे पुडे सोबत घेतात आणि कारण विचारलं की विषय बदलतात.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली आपल्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत या त्रासाला स्वतंत्र आजाराचं स्थान दिलं. ‘अव्हॉयडंट रिस्ट्रिक्टिव्ह फूड इनटेक डिसऑर्डर’ हे त्याचं पूर्ण नाव. डॉक्टर त्याला थोडक्यात ‘आर्फिड’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही तो आहे. अन्न टाळण्यामागे मुख्यतः तीन कारणं सापडतात. पहिलं, अन्नाचा वास, चव, रंग किंवा स्पर्श सहन न होणं. दुसरं, मुळात भूकच कमी असणं आणि खाण्यात रस नसणं. तिसरं, घास अडकेल, उलटी होईल किंवा पोट दुखेल ही भीती. एकाच माणसात यांतली दोन-तीन कारणं एकत्रही असू शकतात.

गैरसमज १ : हे सगळे नखरे आहेत. भूक लागली की खाईल.

वस्तुस्थिती : भूक लागली की नावडतं अन्नही गोड लागतं, हा आपला अनुभव खरा आहे. पण तो निरोगी माणसाचा अनुभव आहे. आर्फिड असलेल्या काही मुलांना भुकेची जाणीवच नीट होत नाही, किंवा दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. काहींना भूक लागते, पण भेंडीचा बुळबुळीतपणा किंवा वरणात जिभेला लागलेली टोमॅटोची साल त्यांच्या शरीराला धोक्यासारखी वाटते आणि घास आपोआप बाहेर येतो. ही प्रतिक्रिया ठरवून केलेली नसते. अशा मुलाला उपाशी ठेवलं तर ते खायला लागेल याची काहीच शाश्वती नाही. वजन मात्र घटतं, अंगात पाणी कमी पडतं आणि जेवणाची वेळ आणखी भीतीची होते. म्हणून ‘उपाशी ठेवा’ हा सल्ला निरुपयोगी तर आहेच, अशा मुलासाठी तो धोक्याचाही आहे.

गैरसमज २ : लहानपणी सगळीच मुलं असं करतात. मोठेपणी आपोआप जातं.

वस्तुस्थिती : साधारण दोन ते सहा या वयात नव्या पदार्थाला नाही म्हणणं हा वाढीचाच भाग आहे. अशा मुलांना एखादी भाजी जबरदस्ती न करता आठ-दहा किंवा पंधरा वेळा समोर मिळाली की बरीचशी ती खाऊ लागतात. त्यांचं वजन-उंची वाढत राहते आणि शाळा, खेळ, सणवार यांत अडथळा येत नाही.

आर्फिडचा संशय कधी घ्यायचा, यासाठी डॉक्टर चार गोष्टी बघतात. वजन घटतंय किंवा वयाप्रमाणे वाढत नाही. लोह, ब-१२ यांसारख्या पोषकद्रव्यांची मोठी कमतरता आहे. पोषणासाठी नळी किंवा पूरक पेयांवरच भिस्त आहे. किंवा खाण्यामुळे रोजचं जगणं आणि माणसांत मिसळणं अडतंय. यांतली एक गोष्ट ठळकपणे असली तरी तपासणी हवी. पूर्वी चालणारे पदार्थही एकेक करून गळू लागले, यादी वाढण्याऐवजी आखडत गेली, तर वाट बघत बसू नये. घरात अन्नच पुरेसं नसणं किंवा एकादशी, श्रावणी सोमवार, रमजान यांसारखे श्रद्धेचे उपवास या आजारात मोडत नाहीत.

गैरसमज ३ : बारीक होण्याचं खूळ डोक्यात शिरलं असणार.

वस्तुस्थिती : वजन वाढण्याच्या भीतीने अन्न सोडणं हा ‘अ‍ॅनोरेक्सिया’ नावाचा वेगळा आजार आहे. आर्फिडमध्ये आपण जाड दिसतो अशी चिंता नसते. उलट यातले अनेक किशोरवयीन मुलगे आणि मुली आपल्या किडकिडीत अंगाची लाज बाळगतात आणि वजन वाढावं असं त्यांना मनापासून वाटतं. अ‍ॅनोरेक्सियाच्या तुलनेत आर्फिडमध्ये मुलग्यांचं प्रमाण जास्त आढळतं. हा फरक ओळखणं गरजेचं आहे, कारण दोन्ही आजारांत उपचाराचा रोख वेगळा असतो.

गैरसमज ४ : वजन ठीक आहे ना, मग काळजी कसली?

वस्तुस्थिती : इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथल्या डॉक्टरांनी २०१९ साली एका मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. प्राथमिक शाळेपासून ठरावीक स्पर्शाचे पदार्थ त्याला चालत नसत. रोजचा आहार म्हणजे फ्रेंच फ्राइज, बटाट्याचे चिप्स, पांढरा पाव आणि अधूनमधून प्रक्रिया केलेलं मांस. चौदाव्या वर्षी थकवा येतो म्हणून तो डॉक्टरांकडे गेला. उंची आणि वजन सामान्य होतं, रक्तात ब-१२ कमी होतं. पंधराव्या वर्षी ऐकू कमी येऊ लागलं, मग नजरही अंधूक होऊ लागली. सतराव्या वर्षापर्यंत त्याची दृष्टी कायमची गेल्यात जमा झाली होती. पोषकद्रव्यांच्या अभावाने डोळ्यांच्या नसा निकामी झाल्या होत्या. तपासणीत तांबं आणि ड जीवनसत्त्वही कमी निघालं, हाडांची घनता घटलेली होती. आधीच निदान झालं असतं तर हे नुकसान टाळता आलं असतं.

अशी टोकाची वेळ क्वचितच येते, पण तिच्यातला धडा सर्वांसाठी आहे. वेफर्स, बिस्किटं आणि पांढरा भात यांतून उष्मांक मिळतात, वजनाचा काटा समाधानकारक दिसतो आणि आत कमतरता साचत जाते. फळं आणि भाज्या अजिबात न खाणाऱ्या काही मुलांना क जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही झाल्याचं जगभरातल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. पाय दुखतात, मूल लंगडतं, आणि खाण्याबद्दल कुणी विचारेपर्यंत कारण हाती लागत नाही. त्यामुळे वजनाबरोबर रक्ततपासणी आणि आहाराची सविस्तर चौकशी हवीच.

गैरसमज ५ : आईने सवयच लावली नाही.

वस्तुस्थिती : हा आरोप सगळ्यात जास्त जखम करतो, आणि त्याला आधार नाही. स्वीडनमध्ये हजारो जुळ्या मुलांच्या माहितीवर झालेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. आर्फिड कुणाला होतो आणि कुणाला नाही, या फरकातला सुमारे ७९ टक्के वाटा आनुवंशिक घटकांचा असल्याचा अंदाज त्यात निघाला. म्हणजे एकाच आईच्या हातचं जेवून एक मूल सगळं खातं आणि दुसरं खाऊ शकत नाही, यात नवल नाही. घरातल्या वागणुकीने त्रास कमी-जास्त होऊ शकतो. म्हणून उपचारात पालकांना सोबत घेतात, पण ते दोषी आहेत म्हणून नव्हे, तर मुलाला रोज जेवू घालणारे तेच आहेत म्हणून.

गैरसमज ६ : हा फक्त लहान मुलांचा किंवा फक्त स्वमग्न मुलांचा आजार आहे.

वस्तुस्थिती : स्वमग्नता, अतिचंचलता आणि चिंताविकार यांच्यासोबत आर्फिड वारंवार आढळतो हे खरं. पण प्रत्येक स्वमग्न मुलाला तो नसतो, आणि आर्फिड असलेलं प्रत्येक मूल स्वमग्न नसतं. वयाचीही अट नाही. भीतीतून येणारा प्रकार कोणत्याही वयात अचानक सुरू होऊ शकतो. घशात घास अडकल्याचा एक प्रसंग किंवा उलट्यांचं एक दुखणं पुरतं. मग आधी सगळं खाणारा माणूस फक्त पेज, ताक आणि सूप यांवर येतो. लहानपणी निदान न झालेले कित्येक जण हा त्रास घेऊनच संसार आणि नोकरी करतात. त्यांना ‘एवढा मोठा झालास तरी’ असं हिणवून काहीच साधत नाही.

गैरसमज ७ : दामटून किंवा लपवून पोटात गेलं की झालं.

वस्तुस्थिती : अमेरिकेत बालवाडीच्या वयाच्या मुलांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. सूप संपवण्याचा आग्रह झाल्यावर मुलांनी ते कमी खाल्लं आणि त्याबद्दल नावडीचे उद्गार जास्त काढले. आग्रह नसताना खाणं वाढलं. ही तर साधी, निरोगी मुलं होती. पाण्याची भीती असलेल्याला विहिरीत ढकललं तर तो पोहणं शिकत नाही, पुन्हा विहिरीजवळ येत नाही. नाक दाबून भरवलेल्या घासाचंही तेच होतं.

पालकाची वाटलेली भाजी गुपचूप डोशाच्या पिठात मिसळणं हा प्रेमापोटी केलेला उपाय. पण ज्या मुलाकडे खाण्याजोगे पाचच पदार्थ आहेत, त्याला डोशात काही वेगळं लागलं तर तो डोसाही सोडून देतो, आणि भरवणाऱ्यावरचा विश्वासही जातो. बदल करायचा तर मुलाला सांगून, थोडा थोडा करावा.

गैरसमज ८ : भुकेचं सिरप द्यायचं. बाकी यावर उपाय नाही.

वस्तुस्थिती : खास आर्फिडसाठी मान्यता मिळालेलं औषध आज नाही. भूक वाढवणारी किंवा चिंता कमी करणारी औषधं डॉक्टर काही रुग्णांना पूरक म्हणून देतात. दुकानातून स्वतःच आणलेल्या सिरपने मुलाला गुंगी येऊ शकते, आणि खरं कारण झाकून राहतं.

उपचाराची सुरुवात तपासणीने होते. जुनाट बद्धकोष्ठता, आम्लपित्त, अन्नाची अ‍ॅलर्जी, सीलिअ‍ॅक, दातांचं दुखणं, चावण्या-गिळण्यातला दोष यांमुळेही मूल अन्न टाळतं. ती कारणं आधी बघावी लागतात. मग पोषणाची घडी बसवली जाते. फार दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या रुग्णाला एकदम भरपूर खायला घालणंही धोक्याचं असतं. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरून हृदयावर परिणाम होऊ शकतो. म्हणून अशा रुग्णाचं खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवतात.

मुख्य काम पुढे मानसोपचारात होतं. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या जेनिफर थॉमस आणि कॅमरिन एडी यांनी आर्फिडसाठी बेतलेल्या वर्तन-विचार उपचारपद्धतीचं पुस्तक २०१९ साली प्रसिद्ध झालं. दहा वर्षांपुढच्या रुग्णांसाठी साधारण वीस ते तीस सत्रांची ही पद्धत आहे. त्यात रुग्ण नवा पदार्थ आणून पाच प्रश्नांची उत्तरं देतो : दिसतो कसा, हाताला लागतो कसा, वास कसा, चव कशी, तोंडात कसा लागतो. ‘छान’ आणि ‘घाण’ हे शब्द बाजूला ठेवून फक्त वर्णन करायचं. मग एक इवलासा घास, आणि तोच पदार्थ पुन्हा पुन्हा. गिळण्याची भीती असलेल्यांसाठी भीतीची उतरंड रचतात : आधी दही-भात, मग मऊ खिचडी, मग दुधात भिजवलेली पोळी, शेवटी कोरडी पोळी.

घरी उपयोगी पडणारी वाट म्हणजे चालणाऱ्या पदार्थाचं बोट धरून शेजारच्या पदार्थाकडे जाणं. बाजारचे बटाट्याचे वेफर्स चालतात, तर घरी तळलेले पातळ काप, मग थोडे जाड काप, मग तव्यावर परतलेल्या कुरकुरीत फोडी, मग कोरडी भाजी. एका पायरीवर महिना लागला तरी चालेल. जेवणाच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं हे मुलावर सोडावं, आणि दर जेवणात त्याच्या ओळखीचा एक पदार्थ असावा. चावण्या-गिळण्याची अडचण असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञ, स्पर्श-वास सहन होत नसतील तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट मदत करतात. सगळं खाणारा माणूस घडवणं हे ध्येय नसतं. शरीराला पुरेल इतकं वैविध्य आणि चारचौघांत न घाबरता बसता येणं, एवढं साधलं तरी उपचार यशस्वी झाले.

आता काय करावं?

मूल जे काही खातं-पितं त्याची आठवडाभराची नोंद करा आणि ती घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. ‘मोठा होईल तसा खाईल’ एवढंच ऐकायला मिळालं आणि तुमची खात्री पटली नाही, तर वजनाची आणि रक्ताची तपासणी मागा, दुसरं मत घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत तपासणी करतात, आणि जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत पुढचे उपचार मोफत मिळतात. मोठ्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं.

वजन झपाट्याने उतरलं, चक्कर किंवा भोवळ आली, लघवी कमी झाली, किंवा पाणी-दूधही जाईनासं झालं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

नातेवाइकांनी आणि शिक्षकांनी एवढंच करावं : त्या मुलाच्या ताटाकडे आणि डब्याकडे बघून शेरा मारू नये, आणि त्याच्या आईला सल्ला देण्याआधी डॉक्टरांचं काय म्हणणं आहे ते विचारावं. हा आजार खरा आहे, त्यावर उपचार आहेत, आणि ते जितक्या लवकर सुरू होतील तितकं नुकसान कमी होतं.