लहान युद्धनौकेची नजर

लहान युद्धनौकेवर रडार बसवताना पहिली अडचण येते ती उंचीची. रडारच्या लहरी जवळपास सरळ जातात, पृथ्वी मात्र गोल. अँटेना 10 मीटर उंचीवर आणि समोरच्या जहाजाचा माथा 25 मीटरवर असेल, तर ते साधारण 34 किलोमीटरवरच दिसू लागते. डोलकाठी वाढवावी, तर वरचा भार वाढून बोटीचा तोल ढळतो.

सोव्हिएत बनावटीच्या ओसा वर्गातील क्षेपणास्त्र बोटी जेमतेम 200 टनांच्या. डोलकाठीवरचे ‘रंगाऊट’ रडार लक्ष्य शोधत असे आणि क्षेपणास्त्रासाठी दिशा व अंतरही तेच पुरवत असे. पुढच्या-मागच्या 30 मिलिमीटर तोफांना मिळून दुसरे एक रडार होते.

खरी कल्पकता क्षेपणास्त्रात होती. त्याच्या नाकातच छोटे रडार असे आणि शेवटच्या टप्प्यात ते लक्ष्य स्वतःच पकडत असे. त्यामुळे मारा केल्यावर लक्ष्यावर रडार रोखून थांबण्याची गरज नव्हती. बोट लगेच वळू शकत होती. अशाच बोटी घेऊन 4 डिसेंबर 1971 च्या रात्री भारतीय नौदलाने कराचीवर हल्ला चढवला आणि ‘निर्घात’ने पाकिस्तानी विनाशिका ‘खैबर’ बुडवली.