थर्मोस्टॅट काढावा की बदलावा?

उन्हाळ्यात घाट चढताना मोटारीच्या तापमानदर्शकाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला, की एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो : ‘थर्मोस्टॅट काढून टाका. आपल्या हवेत त्याची गरजच नाही. तो थंड मुलखातल्या गाड्यांसाठी असतो.’ वरवर पाहता हा सल्ला पटण्याजोगा आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवरची एक झडप. वाटेतला अडथळा काढला तर पाणी मोकळे वाहील आणि इंजिन थंड राहील, असे कोणालाही वाटेल. पण भौतिकशास्त्राच्या कसोटीवर हा सल्ला टिकत नाही. तो का टिकत नाही हे कळण्यासाठी मुठीत मावणारी ही वस्तू काय काम करते ते पाहू या.

इंजिन गरम का हवे?

इंधन जळून जी ऊर्जा मिळते, तिचा स्थूलमानाने एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भागच गाडी चालवण्याच्या कामी येतो. उरलेल्यापैकी बरीचशी उष्णता धुराबरोबर निघून जाते आणि बरीचशी इंजिनाभोवती खेळवलेल्या पाण्याला मिळते. हे नुसते पाणी नसते. पाणी आणि ग्लायकॉल यांच्या या मिश्रणाला कूलंट म्हणतात. पंप ते फिरवत ठेवतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना ते आपली उष्णता हवेला देते.

इंजिन फार तापणे वाईट, हे सर्वांना ठाऊक असते. ते फार थंड राहणेही वाईट, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. सिलिंडरच्या भिंती थंड असतील तर पेट्रोलचे पूर्ण बाष्प होत नाही. भिंतीवर जमलेले पेट्रोल तेलाचा पातळ थर धुऊन नेते आणि खाली तेलात मिसळते. ज्वलनातून तयार होणारी पाण्याची वाफही थंड इंजिनात साकळते आणि तेल खराब करते. तेल दाट राहिल्याने घर्षण वाढते. इंधन जास्त लागते, धूर वाढतो आणि इंजिन लवकर झिजते. म्हणून बहुतेक मोटारींची इंजिने ९० अंश सेल्सिअसच्या आसपास चालावीत अशी त्यांची रचना असते.

आता ‘आपल्या हवेत गरज नाही’ हे म्हणणे तपासू. नागपुरात मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंश असले, तरी सावलीत उभ्या गाडीचे इंजिन सुरू होताना ४५ अंशांवरच असते. त्याला ९० अंशांपर्यंत पोचायचे असते. म्हणजे गरज तिथेही आहे, फक्त वेळ कमी लागतो.

मेणाची करामत

इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो. पाणी एका आडवाटेने इंजिनातल्या इंजिनातच फिरते आणि लवकर तापते. ठरावीक तापमान आले की झडप उघडू लागते. हे काम करायला वीज लागत नाही, की कोणाची आज्ञा लागत नाही. ते मेण करते.

थर्मोस्टॅटच्या मध्यभागी पितळेची एक छोटी कुपी असते. तिच्यात मेण ठासून भरलेले असते. मेण उष्णतेचे मंद वाहक असल्याने त्यात तांब्याची भुकटी मिसळतात. मेणाच्या मधोमध रबराची नळी आणि तिच्यात पोलादी दांडी असते. मेण वितळले की ते फुगते, रबर दाबले जाते आणि दांडी बाहेर ढकलली जाते. दांडीचे टोक चौकटीला टेकलेले असल्यामुळे प्रत्यक्षात कुपीच मागे सरकते आणि आपल्याबरोबर झडप उघडते. मेण गोठले की स्प्रिंग झडप पुन्हा मिटवते.

वितळताना पॅराफिन मेणाचे आकारमान सुमारे १० ते १५ टक्क्यांनी वाढते. वर्गात हे सहज दाखवता येते. मेणबत्तीचे मेण वाटीत वितळवा आणि हळूहळू गोठू द्या. मध्यभागी खळगा पडलेला दिसेल. उलट पाणी गोठताना फुगते. बहुतेक पदार्थ मेणासारखे वागतात, पाणी हा अपवाद आहे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवायला ही जोडी चांगली.

मेण हा अनेक हायड्रोकार्बनांचा मेळ आहे. त्यामुळे ते एका नेमक्या अंशावर न वितळता काही अंशांच्या टप्प्यात वितळते. ८२ हा आकडा कोरलेला थर्मोस्टॅट ८२ अंशांच्या आसपास उघडू लागतो आणि आणखी दहा-पंधरा अंश चढल्यावर पूर्ण उघडतो. मेणाचा हा थर्मोस्टॅट १९३० च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी तयार केला. त्याआधी उडनशील द्रव भरलेले धातूचे भाते वापरीत. पाण्याचा दाब वाढला की भाते उघडण्याचे तापमान बदलत असे. मेणावर त्या दाबाचा फारसा परिणाम होत नाही.

बिघाड कसा ओळखावा?

थर्मोस्टॅट दोनच प्रकारे बिघडतो. रबर झिजून मेण बाहेर गळाले तर दांडी ढकलायला जोर उरत नाही आणि झडप बंदच राहते. स्प्रिंग कमजोर झाली किंवा झडपेच्या बैठकीत गंज-क्षार अडकले तर ती उघडीच राहते. दोन्हींची लक्षणे अगदी उलट असतात.

झडप उघडी राहिली तर इंजिन तापायला फार वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर वेगात जाताना काटा खाली येतो आणि सुरुवातीपासूनच रेडिएटर कोमट लागतो. झडप बंद राहिली तर काही मिनिटांतच काटा लाल पट्ट्यात जातो, पण रेडिएटर थंडच असतो. चांगल्या थर्मोस्टॅटच्या बाबतीत रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप आधी थंड असतो आणि झडप उघडली की थोड्याच वेळात गरम होतो. (काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाशी असतो. तिथे खालचा पाइप तपासावा.)

मात्र गाडी तापली की दोष थर्मोस्टॅटचाच, असे समजू नये. रहदारीत थांबल्यावर तापते आणि रस्ता मोकळा मिळाल्यावर निवते, तर आधी पंखा पाहावा. वेगात किंवा चढावर तापते, तर रेडिएटर चोंदलेला असू शकतो. कूलंट कमी असले किंवा पंप फिरत नसला, तरीही काटा चढतो आणि रेडिएटर थंड राहतो. म्हणून कूलंटची पातळी आणि पंपाचा पट्टा आधी तपासावा.

या तपासण्या मोठ्यांनीच कराव्यात. विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. गरम रेडिएटरचे झाकण तर कधीही उघडू नये. प्रेशर कुकरप्रमाणे आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एक वातावरणाइतका जास्त असू शकतो, त्यामुळे आतले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढताच दाब घटतो आणि उकळत्या पाण्याचा फवारा अंगावर येतो.

पातेल्यातील परीक्षा

अंतिम निर्णय मात्र प्रयोगानेच करावा. काढलेला थर्मोस्टॅट वर्गात आणता आला तर उत्तम. मिटलेल्या झडपेच्या फटीत दोरा अडकवून थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवा. तो तळाला टेकू देऊ नका, कारण तळ पाण्यापेक्षा जास्त गरम असतो. शेजारी तापमापी धरा, पाणी ढवळत राहा आणि मंद आचेवर तापवा. झडप उघडू लागली की थर्मोस्टॅट दोऱ्यातून सुटून खाली पडेल. ते तापमान नोंदवून कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहा. मग आच बंद करून झडप कोणत्या तापमानाला मिटते तेही नोंदवा. ते उघडण्याच्या तापमानापेक्षा काही अंश कमी आढळेल. दोऱ्यात बसण्याइतकीही झडप थंड पाण्यात मिटत नसेल, तर ती उघडी अडकली आहे. उकळत्या पाण्यातही हलत नसेल, तर बंद अडकली आहे. महाबळेश्वरच्या शाळेत पाणी ९५-९६ अंशांवरच उकळेल. तिथे झडप पूर्ण उघडलेली दिसली नाही, तर घाईने निष्कर्ष काढू नका.

बिघडलेला थर्मोस्टॅट दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कूलंट काढून घ्यावे, बैठक खरवडून स्वच्छ करावी आणि पॅकिंग नवे घालावे. मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूला यावी. हवा सुटण्याचे बारीक भोक असेल तर ते वरच्या बाजूला ठेवावे. नंतर पूर्ण हवा काढून कूलंट भरावे. जुने कूलंट उघड्यावर ओतू नये. एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. मुलांना आणि जनावरांना त्यापासून धोका आहे.

मग काढून टाकल्याने काय होते?

पूर्ण उघडलेली झडप फारच थोडा अडथळा करते. तेव्हा थर्मोस्टॅट चांगला असूनही गाडी तापत असेल, तर तो काढून फारसे काही साधत नाही. खरा दोष पंख्यात किंवा रेडिएटरमध्ये तसाच राहतो. थर्मोस्टॅट बंद अडकला असेल तर तो काढल्यावर गाडी तापायची थांबते खरी, पण पुढे ती थंड इंजिनाचे सगळे तोटे सोसत राहते.

शिवाय अनेक इंजिनांत झडपेच्या मागे दुसरी चकती असते. मुख्य वाट उघडताना ती आडवाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की आडवाट कायमची उघडी राहते. बरेचसे गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच येते आणि थंड करायला गेलेली गाडी चढावर आणखी तापते. ‘पाणी फार वेगाने वाहिल्याने त्याला निवायला वेळ मिळत नाही’ असे स्पष्टीकरण काही जण देतात, ते बरोबर नाही. प्रवाह वाढला तर रेडिएटरमधून जास्तच उष्णता बाहेर जाते. चूक पाण्याच्या वेगाची नाही, वाटेची आहे. वेगाचे हे स्पष्टीकरण चुकीचे का, यावर नववी-दहावीच्या वर्गात एक तास चांगली चर्चा रंगू शकेल.