गोविंदपुरम् मार्गे युरोप

पहिल्यांदा पाठीवर सॅक टाकून युरोपला निघालेली मुलं सल्ला मागायला येतात, तेव्हा बेत आधीच शिजलेला असतो. बारा दिवसांत आठ शहरं. पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, रोम. मधल्या रात्री बसमध्ये काढायच्या, म्हणजे हॉस्टेलचे पैसे वाचतात. त्यांना माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. मी मात्र गेली कित्येक वर्षं सगळ्यांना एकच सांगत आलेय, की शेंगेन व्हिसाची तारीख मिळेपर्यंत तंजावर मुलखात जाऊन या. पोर्तुगीज, डेन, डच, फ्रेंच आणि इंग्रज हे पाचही जण त्या किनाऱ्यावर एकमेकांचे शेजारी होते, एकमेकांच्या उरावरही बसले. त्यांची गावं साध्या सरकारी बसने जोडता येतात. मुक्कामाला कुंभकोणमजवळचं गोविंदपुरम् आहे. अनेक शहरांच्या प्रवासात जे जे चुकतं, ते सगळं इथे स्वस्तात चुकवून घेता येतं.

या सल्ल्याला बरकत आली ती २०११ नंतर. कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला, आडुतुरैजवळ, भातशेतीच्या मुलखात त्या वर्षी विठ्ठल-रुक्मिणीच्या मोठ्या मंदिराचा कुंभाभिषेक झाला. दक्षिणेतल्या भजनसंप्रदायातल्या विठ्ठलदास महाराजांनी उभं केलेलं हे संस्थान. आसपास सगळी द्राविडी गोपुरं आणि मध्येच आपल्याकडच्या वळणाचं उंच शिखर. ‘तमिळनाडूत एकटी फिरणार’ म्हटल्यावर ज्या घरांत आठ्या पडायच्या, तिथे ‘विठोबाला जातेय’ म्हटल्यावर उलट अभिषेकाचे पैसे हातावर पडायला लागले. पोरींनी या सोयीचा पुरेपूर फायदा घेतला, आणि मीही त्यांना आडकाठी केली नाही.

तमिळ भाविकांना मात्र हे गाव त्याआधी तीनशे वर्षांपासून माहीत आहे. कांची कामकोटी पीठाचे बोधेंद्र सरस्वती यांनी १६९२मध्ये इथे कावेरीकाठी समाधी घेतली. पुढे समाधीची जागा नदीच्या वाळूत लोपली. मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी वाळूला कान लावून, रामनाम ऐकू येईल तिथे ती शोधली, आणि तंजावरच्या मराठे राजाने नदीचा ओघ वळवून ती जागा राखली, अशी कथा तिथे सांगतात. कथा आहे, तशी ऐकावी. पण मृदंग आणि हार्मोनियमवर तमिळ गळ्यांतून निघालेले तुकोबा-नामदेवांचे अभंग ऐकले, की मराठी माणूस इथे पाहुणा उरत नाही.

पहिला धडा गोविंदपुरम्‌लाच मिळतो. देवळं दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात ती चारपर्यंत. हे ठाऊक नसलेला माणूस नेमका साडेबाराला बंद दारापुढे तापलेल्या फरसबंदीवर अनवाणी उभा असतो. लूव्र मंगळवारी बंद असतं आणि युरोपातली कितीतरी संग्रहालयं सोमवारी. हे मी शंभरदा सांगून कोणी मनावर घेतलं नसतं. तळवे भाजल्यावर घेतलं. गावाचा बेत आखताना आधी त्याची दारं कधी उघडतात ते बघायचं, मग गाडीचं तिकीट काढायचं.

दुसरं म्हणजे मुक्काम. सुरुवातीच्या काळात मीही रोज नवं गाव असा फिरता बेत सांगायची, पण परत आलेल्यांच्या बोलण्यात गावांपेक्षा लॉजच जास्त यायला लागले, तेव्हा तो सोडला. आता सांगते तो असा. गोविंदपुरम् किंवा कुंभकोणमला तीन रात्री, किनाऱ्यावर तरंगंबाडीला एक, मग पुदुच्चेरीला दोन. मोठी सॅक एका जागी, पाठीवर पाण्याची बाटली, पंचा आणि टोपी. सॅक सात-आठ किलोंच्या वर नको, हे आकडे मी कुठल्या पुस्तकातून काढलेले नाहीत. तमिळनाडूच्या गर्दीच्या बसमध्ये उभं राहून, एका हाताने वरचा दांडा धरून, दुसऱ्या हाताने ती पायांशी सांभाळता आली पाहिजे. जिला ते जमलं तिला प्रागच्या दगडी रस्त्यांची काळजी नको. मे २०२१पासून तिथल्या साध्या टाउन बसमध्ये बायकांना तिकीट नाही, त्यामुळे भाच्यांचा खर्च भाच्यांपेक्षा कमी, म्हणजे मुलींचा मुलग्यांपेक्षा, आणि त्यावरून घरात चिडवाचिडवीही होते.

मुक्कामाचं गाव एक ठेवलं की वाकडी वाट करायला फुरसत मिळते. गोविंदपुरम्‌पासून तिरुविडैमरुदूर अगदी जवळ. तिथल्या महालिंगस्वामींच्या देवळात दोन्ही हातांत दिवा धरून उभी असलेली एका तरुण मुलीची धातूची मूर्ती आहे. तमिळमध्ये अशा मूर्तीला पावै विळक्कु म्हणतात. ही मुलगी तंजावरच्या भोसले घराण्यातली. मनातल्या वराशी, आपल्याच नात्यातल्या प्रतापसिंहाशी, लग्न व्हावं म्हणून तिने लक्षदीपांचा नवस केला होता. नवस फळला तेव्हा तिने दिवे तर लावलेच, वर स्वतःच दिवा धरून देवापुढे कायमची उभी राहिली. मूर्तीवरचा लेख तमिळमधला आहे, साल १८५३. दोनच वर्षांनी शेवटचे राजे शिवाजी वारले आणि इंग्रजांनी तंजावरची गादी मोडली. तिरुविडैमरुदूरलाच त्याआधी, १७९८मध्ये गादीवरून उतरवलेले अमरसिंह पेन्शनीवर राहत होते. गाइड-पुस्तकांत या देवळाला चार ओळी मिळतात. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या मुलांना सगळ्या सहलीतून लक्षात राहिलं ते हेच.

मग किनारा. मयिलाडुतुरैला बस बदलून तरंगंबाडी. इथे १६२०मध्ये डेन्मार्कच्या राजाचं जहाज आलं आणि तंजावरच्या रघुनाथ नायकाने त्यांना किनाऱ्यावरची जागा करारावर दिली. त्याचं सोन्याच्या पत्र्यावर लिहिलेलं पत्र आजही कोपनहेगनच्या दप्तरखान्यात आहे. मराठे आले तशी जमिनीची मालकी त्यांच्याकडे आली आणि डेन त्यांना भाडं भरू लागले. १६९९मध्ये बिनसलं तेव्हा तंजावरच्या फौजेने गावाला वेढाही घातला होता. गावात शिरताना पांढरी वेस लागते, तिच्यावर १७९२ साल कोरलेलं. आत एकच सरळ रस्ता, तो समुद्रापाशी संपतो. उजव्या हाताला डान्सबोर्ग किल्ला, डाव्या हाताला लाटांनी खाऊन टाकलेलं चौदाव्या शतकातलं शिवमंदिर. सगळं गाव तासाभरात चालून होतं, आणि म्हणूनच लोक इथे तासभर येतात. दुपारी बाराला बसमधून उतरून दोनला परत चढणाऱ्यांना तरंगंबाडीचं ऊनच तेवढं दिसतं. रात्र इथे काढायची, पहाटे कोळी होड्या परत येतात तेव्हा रस्त्याच्या टोकाला जायचं, आणि नऊच्या आत चर्चमध्ये.

न्यू जेरुसलेम चर्च १७१८चं. ते बांधणारा त्सीगेनबाल्ग हा जर्मन पाद्री १७०६मध्ये इथे उतरला. डॅनिश गव्हर्नरनेच त्याला काही महिने तुरुंगात डांबला, तरी तो तमिळ शिकला, छापखाना आणवला आणि तमिळ नवा करार छापून काढला. हे सगळं एका गल्लीत घडलेलं आहे. युरोपातल्या मोठ्या शहरांत माणूस इतिहासाच्या ओझ्याखाली दबून फोटो काढत सुटतो. इथे गल्ली एकच असल्यामुळे एका माणसाच्या मागे चालत जाण्याची सवय लागते. व्हिएन्नाला गेलेल्या माझ्या एका पुतण्याने नंतर असंच केलं. बीथोव्हनची राहती घरं तेवढी शोधत हिंडला, बाकी शहराला हात जोडले. त्याच्याबरोबरचे मित्र राजवाड्यांच्या रांगांत उभे होते.

कारैकालला थांबायची गरज नाही. फ्रेंचांनी ते १७३९मध्ये तंजावरकडून मिळवलं, आज ते पुदुच्चेरीचा तुटलेला तुकडा आहे आणि बसमधले काही उतारू तिथे कशासाठी उतरतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. मुंबईकरांना एक सोय सांगून ठेवते. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कारैकालला आठवड्यातून एकदा थेट गाडी जाते. पुढचं नागपट्टणम् आधी पोर्तुगीजांचं, १६५८पासून डचांचं, १७८१मध्ये इंग्रजांनी घेतलं. डचांच्या खुणा आता कबरस्तानात आहेत. पण २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीने याच जिल्ह्यात सगळ्यात जास्त माणसं नेली, आणि तिथल्या माणसांशी गप्पा मारायला बसलात तर डचांपर्यंत विषय पोचणारच नाही. पोचवूही नये. जवळच वेलांकण्णी. ऑगस्टअखेर ते ८ सप्टेंबर या दिवसांत गेलात तर भगवी वस्त्रं नेसून, शेकडो मैल पायी चालत माउलीच्या चर्चला निघालेल्या झुंडी रस्त्याच्या कडेने दिसतात. आळंदी-पंढरपूर पाहिलेल्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ऋतूचं मात्र मी फार बजावते. आपला पावसाळा संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत सॅक उचलणारे हमखास भिजतात. २०११च्या डिसेंबरअखेरच्या वादळाने कडलूर-पुदुच्चेरीची झाडं आडवी केली, २०१८च्या नोव्हेंबरात गज वादळ नागपट्टणम्‌ला लागलं. पोंगलनंतरचे पाच-सहा आठवडे उत्तम. एप्रिल-मे नको म्हणजे नको.

उत्तरेकडे निघालं की कडलूरला फोर्ट सेंट डेव्हिड. हा किल्ला इंग्रजांनी १६९०मध्ये विकत घेतला तो जिंजीला असलेल्या राजारामांच्या सरकारकडून. हद्द ठरवायची रीत अशी की किल्ल्यावरून तोफ डागायची, गोळा पडेल तिथपर्यंतचा मुलूख इंग्रजांचा. इंग्रजांनी त्यासाठी लांब पल्ल्याची तोफ मुद्दाम मागवली. त्या टापूतल्या गावांना पुढे गोळ्याची गावं म्हणत. पुदुच्चेरीलाही आपल्या कागदपत्रांचा वास आहे. १६७७च्या दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराज इथवर आले तेव्हा फ्रेंचांच्या फ्रान्स्वा मार्तँने वकील पाठवून वखार ठेवायची परवानगी मिळवली. डचांना महाराजांनी त्याच वर्षी जो कौल दिला त्यात गुलामांच्या खरेदी-विक्रीला मनाई घातली. सोळा वर्षांनी डचांनी पुदुच्चेरीवर हक्क मिळवला तोही राजारामांशी सौदा करूनच, आणि १६९९मध्ये ती फ्रेंचांना परत दिली. हे माहीत नसताना पुदुच्चेरीतली पिवळी घरं आणि फ्रेंच पाट्या हे नुसतं फोटोचं सामान राहतं. माहीत असलं की पॅरिसमध्ये माणूस जरा ताठ चालतो, असा माझा अनुभव आहे.

इतक्या वर्षांत सल्ल्यातलं काय टिकलं, काय गळालं? बसच्या पाटीवरची तमिळ अक्षरं चित्रासारखी पाठ करून जायचा माझा आग्रह फोनने मोडीत काढला. सुट्या पैशांची पुरचुंडीही यूपीआयने बरीच हलकी केली, तरी देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्या आजीसाठी नाणी लागतातच. एक ते वीस तमिळ आकडे शिकून जा, हे मी अजून सोडलेलं नाही. दुपारी मेसमध्ये केळीच्या पानावर जेवा, सकाळी पितळी डबऱ्यातली डिग्री कॉफी घ्या आणि ती घेताना बाजूच्याला पुढच्या बसचं विचारा. फोन चुकीचं सांगत नाही, पण पुढच्या चौकात आज मोर्चा आहे हे त्याला कळत नाही. मुली विचारतात, “मावशी, भाषा येत नसताना कसं विचारायचं?” नुसतं गावाचं नाव आणि तोंडावर प्रश्न, बस्स. बुडापेस्टलाही तेवढ्यावरच भागतं.

शेवटचा दिवस मी तंजावरला ठेवते, कारण तिथे प्रवासाची दिशा उलटी होते. तंजावरचे राजे सरफोजी महाराज युरोपात कधी गेले नाहीत. १८२०मध्ये हजारोंचा लवाजमा घेऊन निघाले ते काशीला. युरोप त्यांनी मागवून घेतला, म्हणजे पुस्तकं, चित्रं, वैद्यकाची हत्यारं, देवनागरीचा छापखाना. इसापच्या गोष्टी मराठीत तिथेच छापल्या गेल्या. त्यांना वाढवलं तरंगंबाडीला उतरलेल्या श्वार्ट्‌झ या पाद्र्याने. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, तो वाचत मुलं दोन-दोन तास उभी राहिल्याचं मी पाहिलंय, आणि ही तीच मुलं, ज्यांना रोमला दीड दिवस पुरेसा वाटत होता. शिवगंगा बागेतल्या श्वार्ट्‌झ चर्चमध्ये जॉन फ्लॅक्समनने घडवलेला संगमरवरी देखावा आहे. अंथरुणावर मरणोन्मुख श्वार्ट्‌झ आणि त्याचा हात हातात घेतलेले सरफोजी. याच फ्लॅक्समनने केलेलं नेल्सनचं स्मारक लंडनला सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये आहे. तिथे तिकीट काढून रांगेत जावं लागतं. तंजावरला दार बहुधा बंदच असतं, राखणदाराला शोधून किल्ली मागायची.