मेजर कोणताही, मायनर उद्योजकतेचा

उद्योजकता हा मायनर घेणे म्हणजे पदवी आपल्या आवडीच्या विषयातच करायची आणि त्याच तीन-चार वर्षांत धंदा कसा उभा राहतो याचेही रीतसर शिक्षण घ्यायचे. रसायनशास्त्राचा विद्यार्थी रसायनशास्त्राचाच राहतो, मराठीचा मराठीचाच. त्यासाठी वेगळ्या बीबीएला प्रवेश घ्यावा लागत नाही.

ही सोय मोठ्या शहरांबाहेर पोहोचली ती राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे. महाराष्ट्रात नवी रचना स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. बुलडाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेला जळगाव जामोद तालुका संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो, तेव्हा हीच रचना तिथेही आहे. या रचनेत तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात, त्यांतले १८ ते २० मायनरचे असतात. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. म्हणजे २० क्रेडिटचा मायनर पूर्ण वर्गात बसून केला तरी ३०० तासांचा होतो. ओपन इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे आपल्या शाखेबाहेरच्या ऐच्छिक विषयात, एखाद्या सत्रापुरती उद्योजकतेची ओळख होते. मायनरमध्ये तोच विषय सत्रामागून सत्र पुढे सरकतो, आणि धंदा शिकायला हे सातत्यच लागते.

उद्योजक जन्मावा लागतो, तो घडवता येत नाही, हा समज जुना आहे. त्याला पहिला मोठा छेद १९४७ मध्ये हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये गेला. तिथे मायल्स मेस यांनी नवे उद्योग सुरू करण्याविषयीचा अभ्यासक्रम सुरू केला. १९६४ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी आंध्रातल्या काकीनाड्याच्या लहान व्यावसायिकांना प्रशिक्षण देऊन दाखवले, की काही साध्य करण्याची ओढ शिकवून वाढवता येते. जुगाऱ्यासारखा अंदाधुंद धोका पत्करणारा किंवा धोका टाळतच राहणारा माणूस त्यांच्या मते उद्योजक होत नाही. आपल्या मेहनतीने पार पडेल असा मध्यम धोका तो निवडतो. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून अशी प्रशिक्षणे देत आले आहे. मुंबईच्या आयआयटीत तर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला उद्योजकतेचा मायनर घेता येतो.

दोन विषयांची ही जोड जुन्या मराठी उद्योगांतही दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येत नसल्याने ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले, व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले आणि पुढे बेळगावात सायकलींचे दुकान चालवले. त्यांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी तो घेईनात. नांगर कसा बनवायचा हे रेखाटनाने शिकवले. तो विकत घ्यायला शेतकऱ्याला राजी कसे करायचे, हे त्यांना धंद्यात पडून, वर्षे घालवून शिकावे लागले. मायनर ही वर्षे पूर्ण वाचवू शकत नाही, पण बरीच कमी करू शकतो.

जळगाव जामोदमध्ये हा अभ्यास करायचा तर उदाहरणे बाहेरून आणायची गरज नाही. अक्षय्य तृतीयेला तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी होते आणि पावसापाण्याचे, पिकांचे भाकीत ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. अनिश्चिततेशी इथल्या घरांचा रोजचा व्यवहार आहे. कपाशी, सोयाबीन, तूर, संत्रा या मालाचा भाव दुसरीकडे ठरतो आणि प्रक्रियाही बरीचशी दुसरीकडे होते. उद्योजकतेच्या वर्गाने पहिला प्रश्न इथूनच उचलावा.

तुरीचेच घेऊ. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावपातळीवर चालेल अशी पीकेव्ही मिनी दालमिल विकसित केली आहे. समजा तूर ७,५०० रुपये क्विंटल आहे आणि क्विंटलमागे ७० किलो डाळ पडते. विद्यार्थी चटकन म्हणतो, डाळ ७५ रुपये किलोने पडली. प्रत्यक्षात नुसत्या तुरीचाच खर्च किलोला १०७ रुपये होतो. भरडाई, पिशवी, वाहतूक यांचे १३ धरले की १२०. मग चुरी-कोंडा ढेपेसारखाच गुरांसाठी विकला जातो हे लक्षात येते. २२ किलो चुरी २० रुपयांनी गेली तर ४४० रुपये, म्हणजे डाळीच्या किलोमागे सहा रुपये परत आले. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे.

एवढ्यावर थांबणारा वर्ग अर्धवट शिकवतो. नव्या तुरीची मोठी आवक जानेवारी ते मार्च असते. महिन्याला दहा क्विंटल तूर भरडायची तर वर्षाच्या १२० क्विंटलसाठी हंगामातच नऊ लाख रुपये हाताशी हवेत. त्यात किराणा दुकानदार माल उधारीवर मागणार. नफा कागदावर आणि गल्ला रिकामा, अशी स्थिती येते ती इथे. लहान धंदे बहुधा अशा खेळत्या भांडवलाच्या ओढाताणीत बसतात. यंत्राच्या किमतीची चिंता सगळे करतात, या पैशाची फार थोडे.

मेजरचा, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाचा, उपयोगही इथेच कळतो. साठवलेल्या तुरीला भुंगा लागू नये यासाठी प्राणिशास्त्राचे ज्ञान लागते, ओलावा मोजायला रसायनशास्त्र, उधारीची वही सांभाळायला वाणिज्य आणि पाकिटावर चार नेमक्या ओळी लिहायला भाषा. चार मेजरांचे विद्यार्थी एका प्रकल्पावर बसले तर मायनरचे सार्थक होते. त्यांनी बाजार समितीतला लिलाव पाहावा, पन्नास ग्राहकांशी बोलावे, थोडा माल खरोखर विकून पाहावा. परीक्षेच्या आदल्या रात्री उतरवलेल्या ‘बिझनेस प्लॅन’ला गुण देण्यापेक्षा फसलेल्या विक्रीच्या प्रामाणिक नोंदीला गुण देणे अधिक रास्त आहे.

शिकवणार कोण, ही खरी अडचण. ज्याने कधी काही विकले नाही त्याने विक्री शिकवणे अवघड. जिनिंग चालवणारे, रोपवाटिकावाले, बचत गटाच्या ताई यांना अतिथी म्हणून बोलावणे कोणत्याही महाविद्यालयाला शक्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही वाट खुली केली, तिच्यात औपचारिक पदवीपेक्षा कामाच्या अनुभवाला महत्त्व आहे.

मायनरने भांडवल मिळत नाही, तारणही नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आदींना ३५ टक्के अनुदानाची तरतूद झाली. बाकी मुख्यतः बँकेचे कर्ज. बँकेसमोर बसताना खर्चाचा कागद स्वतः मांडता आला तर बोलणे वेगळ्या पातळीवर होते. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. सत्राच्या एका तासिकेत ती समजून घेता येते.

मायनर कोणते मिळतील हे विद्यापीठाची यादी आणि महाविद्यालयातले शिक्षक यांवर ठरते, म्हणून प्रवेशाच्या वेळीच चौकशी करणे बरे. मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. धंद्यासाठी किंवा घरच्या शेतीसाठी एखाद्याला मध्येच थांबावे लागले, तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका, तिथल्या अटी पूर्ण करून, घेता येते. पुढे परतून पदवी पुरी करता येते.