उशिरा पोचलेली आज्ञा

२८ जून १५५३ रोजी येशूसंघाचे प्रमुख इग्नाशियस लोयोलांनी रोमहून आपले जुने सोबती फ्रान्सिस झेवियरना एक पत्र धाडले. आज्ञापालनाच्या व्रताचा हवाला देऊन त्यात स्पष्ट हुकूम केला होता : पहिले सोयीचे जहाज गाठा आणि पोर्तुगालला परत या. झेवियरना जाऊन तेव्हा सात महिने होत आले होते. ३ डिसेंबर १५५२ला, चीनच्या किनाऱ्यासमोरच्या शांगचुआन बेटावर त्यांनी देह ठेवला होता. ज्याने आयुष्यभर 'जा' म्हटले की जायचे हेच व्रत पाळले, त्याला मिळालेली शेवटची आज्ञा त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. या दोन माणसांच्या पत्रव्यवहाराच्या नादी मी लागलो, तो या एका पत्रामुळे.

ख्रिस्ती धर्मात नम्रता आणि आज्ञापालन ही जोडी मूळचीच. गेथसेमानेच्या बागेत येशू आपली इच्छा पित्याच्या इच्छेखाली ठेवतो, शिष्यांचे पाय धुतो, तिथून तिचा उगम. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांत नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आणि झेपणार नाही असे काम मिळाले तर ते वरिष्ठांना शांतपणे सांगायची मुभाही दिली. एवढी पार्श्वभूमी पुरे, कारण माझे मन रोममधल्या १५३९च्या वसंतात अडकलेले आहे.

पॅरिसच्या विद्यापीठात जमलेले इग्नाशियस, झेवियर आणि त्यांचे मित्र तेव्हा रोममध्ये होते. दिवसभर प्रवचने आणि गोरगरिबांची सेवा करायची, आणि रात्री एकत्र बसायचे. प्रश्न होता : आपल्यातल्याच एकाची आज्ञा पाळायचे व्रत घ्यावे का? त्यांनी चर्चेची पद्धत ठरवली, ती मला आजही थक्क करते. प्रत्येकाने आधी एकटे प्रार्थना करायची. दुसऱ्याचे मन वळवायचे नाही, त्याचे मत काढून घ्यायचे नाही. आपण या मंडळीतले नाहीच, कोणी परका आहोत, अशा अलिप्तपणे विचार करायचा. मग एके दिवशी सगळ्यांनी फक्त विरोधातली कारणे मांडायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सगळ्यांनी बाजूची. 'आज्ञापालन' म्हटले की लोक नाक मुरडतात, नवी माणसे येणार नाहीत, हा आक्षेपही मोकळेपणाने मांडला गेला. शेवटी एकमताने होकार ठरला. आंधळ्या आज्ञापालनाचे उदाहरण म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, त्या येशूसंघाचा पाया असा वादातून घातला गेला. हे लोक विसरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुढे एप्रिल १५४१मध्ये प्रमुख निवडायची वेळ आली. त्यांचे स्वतःचे सोडून सगळी मते इग्नाशियसच्या पारड्यात. त्यांनी नकार दिला आणि फेरमतदान मागितले, कौल तोच. तीन दिवस ते आपल्या फ्रान्सिस्कन पापनिवेदन-गुरूकडे जाऊन राहिले आणि त्याने सांगितल्यावरच पद स्वीकारले. म्हणजे आज्ञा देण्याचा अधिकारही त्यांना आज्ञा पाळूनच घ्यावा लागला. झेवियर या मतदानाला हजर नव्हते. आपले मत लिहून, मागे ठेवून ते निघून गेले होते.

ते निघाले, तेही दुसऱ्याच्या बदली. पोर्तुगालच्या राजाला भारतासाठी माणसे हवी होती. त्यासाठी नेमलेला सोबती बोबादिया आजारी पडला. झेवियर लगेच तयार झाले आणि मार्च १५४०मध्ये त्यांनी रोम सोडले. ७ एप्रिल १५४१ला, पस्तिसाव्या वाढदिवशी, लिस्बनहून त्यांचे जहाज सुटले. पोपचा वकील म्हणून ते येत होते, पण दिमतीला देऊ केलेला नोकर त्यांनी नाकारला. ६ मे १५४२ला गोव्यात उतरल्यावर मुक्काम केला तो इस्पितळात, आजाऱ्यांच्या शेजारी. गल्लोगल्ली घंटा वाजवून ते पोरे गोळा करत.

आणि पत्रे! लिस्बनहून वर्षातून एकदाच जहाजांचा तांडा सुटे. गोव्यातून प्रश्न गेला तर उत्तराला दीड-दोन वर्षे लागत. झेवियर मलाक्का-मोलुक्काकडे असले तर आणखी. साहजिकच जपानला जायचे झेवियरनी स्वतःच ठरवले आणि ऑगस्ट १५४९मध्ये ते कागोशिमाला उतरले. तरी ते स्वतःला आज्ञेतलाच माणूस समजत. इग्नाशियसना ते गुडघ्यांवर बसून पत्र लिहीत. सोबत्यांच्या पत्रांतून त्यांच्या सह्या कापून त्यांनी जवळ बाळगल्या होत्या. माझ्या मते त्यांच्या आज्ञापालनाचे मर्म या कापलेल्या कागदांत आहे. ज्याच्यावर जीव आहे त्याचेच ऐकायचे होते.

२६ मार्च १५५३च्या, पोर्तुगालमधल्या बांधवांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात इग्नाशियस आज्ञापालनाच्या तीन पायऱ्या सांगतात : कृती, इच्छा आणि बुद्धी. तिसरी पायरी मला आजही जड जाते. पण त्याच पत्रात, प्रार्थना करून आपली अडचण वरिष्ठांपुढे मांडावी, अशी सवलत आहे. ती सोडून उरलेले पत्र वाचणे म्हणजे इग्नाशियसवर अन्याय.

झेवियरांची दुसरी, आज्ञा देणाऱ्याची बाजूही आहे. गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजचे रेक्टर अंतोनियो गोमिश यांनी स्थानिक मुलांना काढून पोर्तुगीज मुले भरली. झेवियरनी १५५२मध्ये त्यांना संघातूनच काढले. हे मला पटते. पण १५४६मध्ये त्यांनी राजाकडे गोव्यासाठी धर्मन्यायालय मागितले, आणि १५६०मध्ये ते आलेही. ज्यांनी व्रत घेतले नव्हते, ज्यांचे म्हणणे कोणी विचारले नव्हते, त्यांच्यावर धाकाने लादलेली आज्ञा ही. तिला १५३९च्या त्या रात्रींशी जोडता येत नाही.

जुन्या गोव्यात बॉम जेझुस चर्चला जाल तेव्हा 'गोंयच्या सायबा'चे, म्हणजे झेवियरांचे, शरीर ठेवलेल्या चांदीच्या पेटीवरून नजर खाली आणा. फ्लोरेन्सच्या फोजिनीने घडवलेल्या चौथऱ्यावर ब्राँझचे चार फलक आहेत. त्यांतल्या एकावर झेवियरांचा अंतकाळ आहे. दर्शनाच्या रांगेत पुढे सरकावे लागते, म्हणून मी दुपारच्या निवांत वेळी जाऊन तो पाहत बसतो. त्यांच्या उजव्या हाताचा कोपराखालचा भाग मात्र तिथे नाही. १६१४मध्ये तो रोमला नेला. जेझू चर्चमध्ये तो आहे आणि समोरच्याच बाजूला इग्नाशियसची समाधी आहे.

येशूसंघात आजही प्रांतप्रमुख दरवर्षी प्रत्येक सभासदाशी एकांतात बोलतो आणि नेमणूक त्यानंतर करतो. एका वयोवृद्ध फादरांना भौतिकशास्त्र शिकवायचे होते. त्यांना खेड्यातल्या वसतिगृहावर पाठवायचे ठरले. त्यांनी आपली अडचण सांगितली, नंतर सविस्तर लिहूनही कळवली. निर्णय बदलला नाही आणि ते गेले. "राग आला नाही का, फादर?" मी विचारले. "आला ना," ते म्हणाले, "आणि तोही पुढच्या वर्षी प्रांतप्रमुखांना सांगितला. तेव्हा त्यांनी माझी भौतिकशास्त्राची पुस्तके वसतिगृहावर पाठवून दिली."