भीमथडी घोड्याचे कुल

अवघ्या वऱ्हाडात चौथाईच्या वसुलीस फिरलेल्या मराठी फौजांना ज्याने बळ दिले, तो भीमथडी घोडा भीमा-नीरेच्या खोऱ्यातील देशी तट्टे आणि परमुलखांतून आणवलेले अरबी व तुर्की घोडे यांच्या संकरातून घडला, असे मानतात. फौजा मोडल्यावर हे बीज बिऱ्हाड लादून फिरणाऱ्या धनगरांनी राखले. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्यास स्वतंत्र जातीची मान्यता दिली, तिचे श्रेय प्रथम या धनगरांचेच. अशा संकराचा छडा लावताना तंतुकणिकांतील डीएनए केवळ मातृवंश सांगते, तर वाय गुणसूत्र पितृवंश. आणि जगभरच्या घोड्यांत मातृवंश विपुल असूनही पितृवंश विलक्षण थोडे आढळतात, कारण पैदाशीस पिढ्यानपिढ्या मोजकेच निवडक नर योजले गेले.